काळ्या दोऱ्याचं बटण

आमच्या देझफुलातली जी पोरं लढाईत गेली, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या माना माझ्या हातच्या आहेत. ऐकायला कसंतरीच वाटेल, पण धंदाच तसा आहे. बाबांचं, म्हणजे उस्ताद करामतांचं, फोटोचं दुकान जुन्या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. पूर्वी आम्ही लग्नं, तान्ही बाळं, शाळेचे वर्ग असले फोटो काढायचो. मग लढाई सुरू झाली, सरहद्दीपलीकडून क्षेपणास्त्रं येऊन गावावर पडायला लागली, आणि गिऱ्हाईक बदललं. आता बहुतेक आयाच येतात.

पोरगा पडला की त्याच्या कबरीवर काचेची पेटी उभी करतात, आत मोठा फोटो. लग्न झालेलं नसेल तर गल्लीच्या तोंडाशी आरशांचा नि दिव्यांचा हजला मांडतात, नवरदेवाच्या खोलीसारखा. त्यातही फोटो लागतोच. आणि सगळ्यांना हवा असतो तो वर्दीतला. आता मला सांगा, भट्टीवर कणकेचे गोळे करणाऱ्या पोराचा वर्दीतला फोटो आणायचा कुठून? आया अंगभर गुंडाळलेल्या काळ्या चादरीच्या आडून काय काय काढतात! शाळेचं ओळखपत्र, नाहीतर मामाच्या लग्नातला घोळका, आणि त्यात मामाच्या खांद्यामागून डोकावणारं अर्धं तोंड. बाबा ते तोंड मोठं करून घेतात आणि मी ते कापून वर्दीतल्या एका छातीवर बसवते. कागदाची कड मागून घासून पातळ करायची, डिंकानं चिकटवायची, आणि मानेचा सांधा ब्रशनं भरायचा, सावलीत सावली मिसळेपर्यंत. मग बाबा त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढतात. शोधा म्हणावं सांधा. आजवर कुणाला सापडलेला नाही.

छाती मात्र सगळ्यांना एकच. ती माझ्या धाकट्या भावाची, नेमतची.

नेमतला भरतीचा हुकूम आला, वर्दी मिळाली, त्या दिवशी बाबांनी कौतुकानं त्याचा फोटो काढला होता. गळ्याचं बटण उघडं, कारण आमच्या उन्हाळ्यात गळ्याचं बटण लावणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. त्याच्या खालचं बटण मी ऐनवेळी शिवून दिलं होतं. खाकी दोरा सापडेना, म्हणून काळ्या दोऱ्यानं. तो फोटो दुकानाच्या काचेत दिमाखात लागला. नवरोजला, वसंतातल्या वर्षारंभाला, नेमत सुट्टीवर आला आणि परत गेलाच नाही. जखम नाही, ताप नाही, काही नाही. "मला नाही जमणार, बाबा," एवढंच म्हणाला आणि दारामागे उकिडवा बसून राहिला.

बाबा त्याला दंडाला धरून तळघरात घेऊन गेले. आमच्या गावात प्रत्येक घराखाली खडकात खोदलेलं खोल तळघर असतं. उन्हाळ्यात तिथे गारवा असतो, आणि आता सायरन वाजला की सगळं गाव तिथेच उतरतं. आमची डार्करूमही तिथेच आहे. नेमत तिथे राहायला लागला. फोटो धुवायचा, वाळवायचा. गल्लीला आम्ही सांगितलं, पोरगा आघाडीवर गेला. दुकानाच्या काचेतला फोटो बाबांनी काढून घेतला. त्याच आठवड्यात पहिली आई वर्दीतला फोटो मागायला आली, तेव्हा बाबांनी तीच नेगेटिव्ह बाहेर काढली, नेमतच्या चेहऱ्यावर रंग फासला आणि छाती तेवढी ठेवली.

"बाबा, हे बरं नाही," मी म्हटलं.

"दुसरी आहे का तुझ्याकडे?" ते म्हणाले. "तोंड लपवायचं होतं ना त्याला? लपलं."

दर गुरुवारी दुपारनंतर सगळं गाव कबरस्तानात जातं. आया कबरी धुतात, गुलाबपाणी शिंपडतात, काचा पुसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर हलवा नि खजूर ठेवतात. मीही जाते. न जाऊन चालत नाही, लोक विचारतात. एकेक पेटीत एकेक तोंड, आणि त्याखाली माझ्या भावाची छाती, तेच खिसे, तोच काळा दोरा. आया काचेवर ओठ टेकवायच्या, ते बरोबर त्या छातीवर. वर मलाच म्हणायच्या, "तूबा, नशीबवान गं तू. भाऊ आघाडीवर आहे. खुदा त्याला राखो." माझ्या हातातला हलवा हातातच राहायचा. धरणी दुभंगावी आणि मी आत जावं असं व्हायचं. आणि राग कुणाचा यायचा? नेमतचा. इतकी पोरं गेली, हाच तेवढा नाजूक!

प्रत्येक फोटोखाली दोन ओळी असतात, पोराच्या आयुष्याच्या. मशिदीत शिकवणारे एक गुरुजी त्या लिहून देतात. लहानपणापासून शांत होता, धर्माची ओढ होती, आईचा आशीर्वाद घेऊन हसतमुखानं निघाला. सगळे शांत, सगळे हसतमुख. सदरा एक, तशी गोष्टही एक. कुणाची तक्रार नव्हती.

पहिल्यांदा खटकलं ते उन्हाळा चढायला लागला तेव्हा. डोंगरातल्या एका खेड्यातून धनगराच्या खुदामुराद नावाच्या पोराचा फोटो आला होता. मी सांधा भरून दिला, नेमतनं तयार फोटो धुऊन दोरीला लावला आणि त्याच्यासमोर उभा राहिला.

"आबजी," तो म्हणाला. बहिणीला आम्ही आबजी म्हणतो. "याची दाढ दुखतेय."

"कुणाची?"

"याची. उजवीकडची. लवंग मिळाली असती तर बरं झालं असतं."

"ओळखत होतास?"

"नाही." आणि स्वतःचाच उजवा गाल हातानं दाबून धरला.

मी म्हटलं, तळघरात बसून बसून डोकं फिरलं याचं. पोराला आमच्याच कबरस्तानात पुरलं होतं; फोटो न्यायला त्याचा बाप आला, फेल्टची टोपी घातलेला म्हातारा. त्यानं फोटो बघितला, डोळे पुसले, आणि रुमाल काढताना त्याच्या खिशातून कापडाची एक पुरचुंडी खाली पडली. मी ती उचलून दिली. लवंगेचा वास आला.

"पोरानं मागवल्या होत्या," म्हातारा म्हणाला. "दाढ फार दुखते म्हणत होता. मी म्हटलं, पाठवतो, काय घाई आहे."

मी तसल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अर्ध्या फौजेच्या दाढा दुखत असतील, म्हटलं, खायला काय मिळतं तिथे! पण मग एका शाळामास्तराचा फोटो झाला, आणि नेमत केसांना पाणी लावून भांग दुसऱ्या बाजूला पाडायला लागला, कंगव्याशिवाय, बोटांनी. मास्तराची बायको फोटो घेऊन जाताना म्हणाली, "सगळं जमलंय, फक्त कंगवा फिरवलाय तुम्ही. हे बोटांनीच विंचरायचे." मग एकाचा झाला तो डावखुरा निघाला. नेमत डाव्या हातानं घास तोडायला लागला आणि आपण काय करतोय हे त्याच्या लक्षातही येईना. एक बेडकांना घाबरायचा. एकाला बुटाची नाडी नीट बांधता येत नव्हती आणि तो ते सगळ्यांपासून लपवायचा. नेमत हे सगळं खाली बसून हळू आवाजात सांगायचा, कुणाच्या घरचं ख्यालीखुशालीचं बोलावं तसं. पराक्रम एकाचाही नाही. गोळ्या, रणगाडे, काही नाही. मला ऐकवत नसे, आणि ऐकल्याशिवाय राहवत नसे.

"त्यांना मरताना काय वाटलं, ते सांगतात का?" मी एकदा विचारलं.

"ते कुणीच बोलत नाही," नेमत म्हणाला. "घरचंच बोलतात."

शरद लागला. नेमतनं एकदा ट्रंकेतली वर्दी मागितली. नवरोजपासून तिला त्यानं हात लावला नव्हता.

"आता कशाला हवी?" मी टोमणा मारला. "मिरवायला?"

"बाहेर गार असतं," तो म्हणाला. "पेटीत रात्री फार गार होतं."

मी वर्दी त्याच्या अंगावर फेकली आणि वर निघून आले. जिन्यात मला शिसारी आली, त्याची की माझी, ते कळलं नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून नने यदुल्लाचं घर आहे. नने म्हणजे आई. यदुल्लाची आई म्हणून सगळी गल्ली तिला याच नावानं हाक मारते. यदुल्ला भट्टीवर कामाला होता, पीठ उडवत सायकलवरून जायचा. उन्हाळ्याच्या अखेरीला तो गेला. त्याचाही फोटो आमच्याकडेच झाला, आणि फार चांगला झाला. एका गुरुवारी काच पुसता पुसता ननेनं मला जवळ बोलावलं.

"तूबा, हे बटण बघ. काळ्या दोऱ्यानं कुणी शिवलं गं? मी तर नाही शिवलं."

मी बटणाकडे न बघताच म्हटलं, "एवढं दिसतं का त्यात?"

"आई आहे मी. मला दिसणार नाही?" ती म्हणाली आणि पुन्हा काच पुसायला लागली. फोटोखालच्या दोन ओळींवरून तिनं फडकं फिरवलं ते जरा घाईनंच.

नंतर ती आमच्या दारात आली, भर दुपारी. आत बोलावलं तर येईना.

"तुमच्या तळघरात कोण असतं गं?"

"बाबा असतात. काम करतात."

"करामत उस्ताद मला माहसुल्तान म्हणून हाक मारणार नाहीत," ती म्हणाली. "लाज वाटेल त्यांना."

माहसुल्तान तिचं नाव. गल्लीत ते कुणी घेत नाही. घेणारा एकच होता, आणि तो चेष्टेनं घ्यायचा.

"नने, भास झाला असेल," मी म्हटलं.

"असेल," ती म्हणाली. "पण भास साखर मागतो का?" आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मी मान खाली घातली. शेवटी चपला ओढत ती निघून गेली.

आमचं नि ननेचं तळघर पूर्वी जोडलेलं होतं. कुणीतरी मधली वाट विटांनी बुजवून टाकली होती. मी तडक खाली गेले. नेमत वर्दी घालून, भिंतीला पाठ लावून बसला होता.

"हाका कसल्या मारतोस?" मी दात ओठ खात म्हटलं. "तिला कळलं तर गल्लीभर होईल. पोलीस येतील. बाबांना उद्या कुणी सलाम करणार नाही. लाज असेल तर तोंड बंद ठेव, नाहीतर मर्दासारखा वर ये आणि सांग सगळ्यांना, मी इथे लपलोय म्हणून!"

"मी नाही मारली हाक, आबजी."

"मग कुणी मारली?"

त्यानं मान वाकवून आपल्याच छातीकडे बघितलं.

पुढे काय झालं ते सांगताना अजूनही मला ननेचं तोंड आठवतं. भर दुपारी सायरन झाला. बाबा बाजारात गेले होते. मी स्टोव्ह विझवून खाली धावले. नेमत टेबलाखाली गेला नव्हता. मधल्या भिंतीजवळ उभा होता, कान लावून.

क्षेपणास्त्र जवळच कुठेतरी पडलं. जमीन हलली. वरून माती आली, कंदील पडून फुटला, आणि मधल्या भिंतीच्या विटा आतल्या बाजूला ढासळल्या.

धूळ खाली बसायला वेळ लागला. झरोक्यातून उजेडाची एक तिरीप आली होती.

विटांवरून पाय टाकत नने यदुल्ला आत आली.

तिनं मला बघितलं. मग त्याला बघितलं. मी मधे उभी राहिले, तर तिनं मला हातानं बाजूला केलं.

नेमत हलला नाही. ननेनं जवळ जाऊन त्याच्या छातीवरच्या त्या बटणाला बोट लावलं. दोरा बोटानं चाचपला.

"हाच तो दोरा," ती म्हणाली.

मला वाटलं, आता ही ओरडणार. आता सगळं गाव गोळा करणार. मी मनात म्हटलं, ओरड बाई, एकदाचं होऊन जाऊ दे.

ती ओरडली नाही. खालच्या आवाजात तिनं विचारलं, "लागलं होतं का रे?"

नेमतचे ओठ हलले. आवाज नेमतचाच होता. पण बोलायची ढब चेष्टेखोर, शब्द ओढून बोलायची, भट्टीवरच्या पोरांची.

"नाही गं, माहसुल्तान. तुझा हात कधी लागतो का?"

"मग वळून का नाही बघितलंस?"

"रेशनची साखर खिशात होती. खिसा फाटका. वळलो असतो तर सांडताना दिसली असती तुला. आणखी एक बसली असती."

नने हसली. खरंच हसली, खुदकन, पोरगी हसावी तशी. मग तोंडावर चादर ओढून खाली बसली. तिनं जाताना पोराच्या थोबाडीत मारली होती, महिन्याची साखर चोरली म्हणून. हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. फोटोखाली लिहिलं होतं, आईचा आशीर्वाद घेऊन हसतमुखानं निघाला. दर गुरुवारी ती हेच पुसत होती.

सायरन थांबला. ती उठली, विटांवरून पलीकडे गेली. एका शब्दानं तिनं मला बोल लावला नाही. ती तोंडावर थुंकली असती तर मी उजळ माथ्यानं ते पुसलं असतं, पण याचं काय करायचं?

दुसऱ्या दुपारी त्या भगदाडात एक झाकलेला वाडगा होता. मसुरीचं सूप, वर तळलेला कांदा. पुढे रोज काहीतरी यायला लागलं, आणि वाडगे एकाच घरातले नव्हते. एका वाडग्याचा कान तुटलेला. तो मास्तराच्या बायकोच्या घरी बघितला होता मी. एकदा कापडात बांधलेल्या लवंगा आल्या. त्या इतक्या लांबून कुणी आणून दिल्या, मी विचारलं नाही. बाबा वाडगे बघायचे आणि तोंड फिरवून वर जायचे. रस्त्यात आया भेटल्या की सलाम करायच्या, पूर्वीसारख्याच. नेमत कसा आहे, असं मात्र कुणी विचारेना.

नेमत जेवायचा. डाव्या हातानं, उजव्या हातानं, कधी दाढ सांभाळत. एकदा अर्ध्यातच त्यानं वाडगा खाली ठेवला.

"आबजी, मी जातो परत."

"कुठे?"

"छावणीवर. हजर होतो."

महिनोन्महिने मी हेच तर म्हणत होते त्याला! जा, जरा लाज बाळग. आता तो जातो म्हणाला आणि माझ्या तोंडून निघालं, "नको. वेडा आहेस का?"

"यांच्यातल्या एकालाही जायचं नाहीये," तो म्हणाला. "सगळे घाबरलेत. माझ्याइतकेच. तरी गेले होते. आणि मी त्यांच्या आयांच्या हातचं खातोय, इथे बसून." त्यानं वाडगा आणखी लांब सरकवला. "मला लाज वाटते, आबजी. ते मला काही बोलत नाहीत, म्हणून जास्त वाटते."

छावणीवर नव्या ओळखपत्राला फोटो लागतो. बाबांनी त्याला वर दुकानात आणलं, स्टुलावर बसवलं. कितीतरी दिवसांनी तो उजेडात आला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाबांनी बराच वेळ कॅमेऱ्यात डोकं घालून ठेवलं. काय बघत होते कोण जाणे. मग एकच फोटो काढला. साधा, सरळ. माणूस बसला, बटण दाबलं, संपलं. कापाकाप नाही, डिंक नाही, मला काही कामच नव्हतं.

मी फोटो धुवायला खाली नेला. औषधाच्या पाण्यात चेहरा वर आला, माझ्या भावाचा, वाळलेला. मग खांदे आले, खिसे आले, काळा दोरा आला.

आणि मानेवर सांधा आला.

मी कागद तिरिपीत धरला. बारीक, फिकट रेघ, या कानाखालून त्या कानाखाली. वर ब्रशनं भरलेली सावली. मी सांधा भरताना डाव्या कानाखाली ब्रश उचलते, तिथे एक बारीक शेपटी राहते. ती माझी खोड. बाबांनाही माहीत नाही. ती शेपटी तिथे होती.

मी वर गेले. "बाबा, तुम्ही यात काही कापलंत?"

"काय कापू?" बाबा म्हणाले. "अख्खा माणूस बसला होता."

मी रेघ भरली. कागद वाळला आणि ती पुन्हा दिसायला लागली. पुन्हा भरली. शेवटी तसाच फोटो घेऊन मी अंगणात गेले. नेमत नारिंगीच्या झाडाखाली उभा राहून वर्दी नीट करत होता. ऊन चांगलंच होतं, तरी त्यानं गळ्याचं बटण लावलं होतं.

"नेमत, ते बटण काढ जरा."

"कशाला?"

"काढ म्हणते ना!"

त्यानं माझ्या हातातला फोटो बघितला. मग कॉलर आणखी वर ओढून घेतली आणि माझ्याकडे बघून हसला. ते हसणं मी कुठल्या तरी फोटोत बघितलं होतं. कुठल्या, ते आठवेना.

"राहू दे, आबजी," तो म्हणाला. "तुझा हात चांगला आहे. कुणाला कळणार नाही."

तो दिवसाउजेडी गल्लीतून चालत गेला. दारादारांत बाया उभ्या होत्या. कुणी हाक मारली नाही, कुणी बोट दाखवलं नाही. नने यदुल्लानं त्याच्या मागे पाणी शिंपडलं, जाणारा परत यावा म्हणून शिंपडतात तसं. ते खरं माझं काम होतं. मी फोटो हातात घेऊन दाराआडच उभी राहिले.

त्यानंतर त्याची काही खबर नाही. चांगली नाही, वाईट नाही. छावणीनं त्याला पुढे पाठवलं एवढंच कळलं. तळघरात आता मी एकटीच काम करते, आणि फोटो धुतल्यावर ते काही बोलत नाहीत.

थंडी पडल्यावर एका गुरुवारी मी कबरस्तानात गेले. नदीकडून वारा येत होता. पेट्यांच्या काचा खडखड वाजत होत्या. मी खुदामुरादच्या पेटीसमोरून गेले, मास्तराच्या समोरून गेले, तेव्हा काही लक्षात आलं नाही. यदुल्लाच्या पेटीजवळ पोचले आणि थबकले. मग मागे फिरून सगळ्या पेट्या बघत आले.

सगळ्यांनी गळ्याची बटणं लावली होती.

मान एकाचीही दिसत नव्हती. ज्या सांध्यांसाठी मी डोळे फोडले, ते सगळे कॉलरच्या आत गेले होते. खालचं काळ्या दोऱ्याचं बटण तेवढं होतं तिथेच होतं.

नने यदुल्ला काच पुसत होती. तिनं मला बघितलं आणि फडकं ठेवलं.

"नेमतला गरम काही पाठवलंस का?" तिनं विचारलं.

मी काही पाठवलं नव्हतं. इतके दिवस त्याची लाज वाटण्यातच गेले, आणि नंतर स्वतःची. विणायला बसावं हे डोक्यातच आलं नाही. मी मानेनंच नाही म्हटलं.

तिनं पिशवीतून एक बिनबाह्यांचा स्वेटर काढून माझ्या हातात दिला. वेगवेगळ्या रंगांचा होता, पट्टे पट्टे, काही जाड लोकरीचे, काही बारीक.

"सगळ्या आयांनी थोडी थोडी लोकर दिली," ती म्हणाली. "रंग काही जुळला नाही. पण ऊब राहील."

"सगळ्यांनी?" मी विचारलं.

"सगळ्यांनी. वेगवेगळे विणणार होतो आधी." तिनं फडकं पुन्हा उचललं आणि यदुल्लाच्या छातीवरची धूळ पुसली. "मग म्हटलं, एकच पुरे. अंग एकच आहे ना."